डिस्क मंदावल्याची सूचना : खानदेशातील सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी

जळगावच्या सराफ बाजारातील पेढी असो, औद्योगिक वसाहतीतील डाळमिल असो, रावेर-यावलकडील केळीच्या व्यापाऱ्याचे कार्यालय असो, किंवा धुळ्यातील एखादी पतसंस्था असो, या सर्वांचे हिशेबाचे दप्तर आता कपाटातून निघून एका लोखंडी पेटीत जाऊन बसले आहे. आणि त्या एकाच पेटीत तीनचार व्हर्च्युअल मशीन एकत्र नांदत असतात, एकीवर टॅली, दुसरीवर संस्थेचा एसक्यूएल डेटाबेस, तिसरीवर सर्वांच्या सामायिक फाइली. ही व्यवस्था काटकसरीची आहे यात शंका नाही; परंतु पूर्वी एका संगणकाची डिस्क मंदावली म्हणजे एका टेबलावरचे काम अडत असे, ते आता सबंध कार्यालयाचे अडते. म्हणूनच, ‘या उपकरणाची कार्यक्षमता घटली आहे, लेटन्सी सरासरी अमुक मायक्रोसेकंदांवरून तमुक मायक्रोसेकंदांवर गेली आहे’ अशा आशयाची सूचना एखाद्या सकाळी अवचित दिसली की, ज्याच्याकडे सर्व्हरचा कारभार सोपविलेला असतो तो धास्तावतो, आणि त्या धास्तीत पहिला हुकूम सुटतो तो डिस्क बदलण्याचा. हा हुकूम पुष्कळदा अकाली असतो आणि क्वचित घातकही ठरतो. तो देण्यापूर्वी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम सूचनेचा नेमका अर्थ ध्यानात घ्यावा. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय हा प्रत्येक डिस्कला उत्तर देण्यास किती वेळ लागतो याची सरासरी स्वतःपाशी ठेवीत असतो, आणि ताजा आकडा त्या सरासरीच्या कित्येक पटींनी वर गेला की लॉगमध्ये ही ओळ लिहितो. म्हणजे ती तुलनेची नोंद असते. डिस्क बिघडली असा निवाडा तिच्यात कोठेही नसतो. दिवसभर निवांत असलेल्या, ८०० मायक्रोसेकंदांत उत्तर देणाऱ्या डिस्कवर रात्री बॅकअप सुरू झाला आणि तोच आकडा ३०,००० वर गेला, तर सूचना येणारच. आणि ३०,००० मायक्रोसेकंद म्हणजे अवघे ३० मिलिसेकंद, हे गणित सकाळच्या घाईत कोणाच्या ध्यानी येत नाही. त्या ओळीच्या पाठोपाठ कार्यक्षमता सुधारल्याची दुसरी ओळ आली आहे काय, हे तत्काळ पाहावे. ती काही क्षणांत आली असेल आणि कार्यालयात कोणाचेही काम खोळंबले नसेल, तर केवळ तारीख-वेळ टिपून पुढे जाण्यास हरकत नाही. ती आलीच नसेल, किंवा दोन्ही ओळी दर थोड्या वेळाने आळीपाळीने येत असतील, तर मात्र तपास अवश्य करावा.

आकडा मोठा की लहान हे ठरविण्यासाठी आपल्या डिस्कची मूळ शक्ती माहीत असावी लागते, आणि येथे थोडे अंकगणित केल्यावाचून गत्यंतर नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा वाचक-शीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. त्यात शीर्ष योग्य मार्गावर सरकण्याचे आठनऊ मिलिसेकंद मिळवले की, विखुरलेल्या एका वाचनास बारातेरा मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला जेमतेम ८० कामे होतात. अशा चार डिस्क रेड-५ मध्ये बांधल्या तर वाचनाची शक्ती ३२० होते हे खरे, परंतु रेड-५ मध्ये प्रत्येक लहान लेखनास चार क्रिया कराव्या लागतात : जुना मजकूर वाचणे, जुनी पॅरिटी वाचणे, नवा मजकूर लिहिणे, नवी पॅरिटी लिहिणे. त्यामुळे चार डिस्क मिळूनही विखुरलेले लेखन सेकंदाला पुन्हा ८० वरच येऊन थांबते. रेड-६ मध्ये या क्रिया सहा होतात, रेड-१० मध्ये दोनच. ज्या संस्थेने जागा अधिक मिळावी म्हणून रेड-५ पत्करले आणि त्यावर चार व्हर्च्युअल मशीन चढविली, तिला मार्चअखेरीस सूचना आली तर तो दोष डिस्कचा नसून नियोजनाचा आहे, आणि त्याच जातीची नवी डिस्क बसवून तो जाणार नाही.

यानंतर वेळेचा तपास, आणि तपासाचे निम्मे काम यातच होऊन जाते. ईएसएक्सआय आपला लॉग जागतिक प्रमाणवेळेत लिहितो, भारतीय वेळेत नव्हे. म्हणून लॉगमधील प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवावे लागतात. लॉगमध्ये १८:३५ दिसले म्हणून सायंकाळी साडेसहाच्या सुमारास काउंटरवर कोण होते, कोणी कोणती फाइल उघडली, याची चौकशी करीत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. वस्तुतः ती वेळ मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांची, म्हणजे कार्यालय बंद असतानाची आणि ठरलेला बॅकअप सुरू होण्याची असते. तारीखही एक दिवसाने पुढे सरकते, हे विसरू नये. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही उभे आहे, त्या गावात तरी हे निराळे सांगावयास नको : शुहूर सनाची तारीख प्रथम आपल्या कालगणनेत आणून घेतल्यावाचून जुन्या कागदाचा अभ्यासक त्यावरून कोणताही निष्कर्ष काढीत नाही, आणि तीच शिस्त येथेही हवी. सर्व्हर, रेड कंट्रोलर, एनएएस आणि यूपीएस यांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील तर मात्र साडेपाच तास मिळवूनही ताळा बसत नाही. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी व संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल यांच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवून ठेवणे आणि लॉग १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. कायद्याचे पालन म्हणून हे करावेच, परंतु अशा तपासातही त्याचा उपयोग फार मोठा होतो.

वेळ निश्चित झाली की त्या वेळी ठरलेले काय होते, ते शोधावे. पुष्कळ रेड कंट्रोलर आठवड्यातून एकदा सर्व डिस्क आपण होऊन वाचून तपासतात, त्यास पॅट्रोल रीड म्हणतात. तशीच पॅरिटीची पडताळणीही ठरावीक दिवशी चालते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतले आणि त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली. तेव्हापासून जे प्रॉक्समॉक्सकडे वळले आहेत त्यांनी हे जाणून असावे की, त्यातील झेडएफएसची तपासणी, म्हणजे स्क्रब, मूळ व्यवस्थेनुसार महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मध्यरात्रीनंतर चोवीस मिनिटांनी सुरू होते. डेबियनवर सॉफ्टवेअर रेड असेल तर त्याची पडताळणी पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सत्तावन्न मिनिटांनी होते. याच रात्री पूर्ण बॅकअपही लावलेला असेल, आणि आमच्याकडे तो रविवारचाच असतो, तर दोन अवजड कामे एकाच डिस्कवर येऊन आदळतात व सूचना उमटते. उपाय इतकाच की त्यांच्या वेळा वेगळ्या कराव्या. तपासणी बंद करू नये, कारण जे सेक्टर महिनोन्‌महिने कोणी वाचीत नाही त्यांतील बिघाड तीच उघडकीस आणते. सर्व व्हर्च्युअल मशीनवर अँटिव्हायरसची तपासणी दुपारी एकाच ठोक्याला सुरू होणे हेही असेच एक कारण आहे. याखेरीज व्यवसायाचे म्हणून एक पंचांग असते : पतसंस्थेत ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरची व्याजआकारणी, सराफीत धनत्रयोदशी आणि अक्षय्य तृतीया, जिनिंगमध्ये दिवाळीनंतरची कापसाची आवक. या दिवसांतील सूचना आणि आषाढातल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारची सूचना यांचे वजन सारखे धरू नये.

वेळेवरून उलगडा झाला नाही तर उशीर कोणत्या थरात होतो ते पाहावे. ईएसएक्सआयवर ईएसएक्सटॉप चालवून ‘यू’ हे अक्षर दाबले की प्रत्येक डिस्कपुढे डीएव्हीजी, केएव्हीजी आणि जीएव्हीजी असे आकडे दिसतात. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाची वाहने उभी असतात तेव्हा शेतकऱ्याचा वेळ दोन ठिकाणी जातो, फाटकाबाहेरच्या रांगेत आणि आत प्रत्यक्ष वजनकाट्यावर. केएव्हीजी हा फाटकाबाहेरच्या रांगेचा वेळ, डीएव्हीजी हा काट्यावरचा, आणि जीएव्हीजी ही दोहोंची बेरीज, जी व्हर्च्युअल मशीनला भोगावी लागते. डीएव्हीजी सतत पंचवीस मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर दोष डिस्क, कंट्रोलर, केबल किंवा एनएएसकडे शोधावा; केएव्हीजी दोनच्या वर राहत असेल तर डिस्क निरोगी असून सर्व्हरच्या आतच कामांची रांग लागली आहे असे समजावे, आणि त्याच पडद्यावर ‘क्यूयूईडी’ या रकान्यात शून्याखेरीज काय दिसते ते पाहावे. प्रॉक्समॉक्सवर आयओस्टॅटमधील ‘अवेट’चा रकाना हेच सांगतो, तेथील वापराची टक्केवारी मात्र एसएसडीच्या बाबतीत दिशाभूल करते, शंभर टक्के दिसले म्हणून एसएसडीची शक्ती संपली असे होत नाही. हायपर-व्हीवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रत्येक वाचनास व लेखनास लागणाऱ्या सरासरी सेकंदांची गणती लावावी. वाचन जलद आणि लेखन तेवढे मंद, असे दिसल्यास तो फार मोलाचा पुरावा मानावा. याचे कारण पुढे सांगतो.

रेड कंट्रोलरवर एक छोटी स्मृती असते. सर्व्हरने लिहावयास दिलेला मजकूर कंट्रोलर आधी तिच्यात घेतो, लिहिले असे कळवून मोकळा होतो आणि सवडीने डिस्कवर उतरवितो. वीज गेली तरी तो मजकूर जिवंत राहावा म्हणून त्या स्मृतीस एक बॅटरी जोडलेली असते. ही बॅटरी थकली की कंट्रोलर, अगदी योग्य रीतीने, ही सवलत काढून घेतो आणि प्रत्येक लेखन प्रत्यक्ष डिस्कवर उतरेपर्यंत थांबू लागतो. त्याबरोबर वर सांगितलेले ८० चे गणित उघडे पडते. डिस्कवरचे दिवे हिरवेच राहतात, वाचनात फरक पडत नाही, आणि काल धावणारा सर्व्हर आज रांगू लागतो. मी पाहिलेल्या एका जिनिंगच्या कार्यालयात वैशाखाच्या सुरुवातीपासून अशा सूचना येत होत्या. देखभाल करणाऱ्याने एकामागून एक दोन डिस्क बदलल्या, प्रत्येक वेळी रेड पुन्हा बांधण्यात रात्र गेली आणि त्या रात्री वेग आणखी घसरला. शेवटी कंट्रोलरची स्थिती छापून घेतली तेव्हा बॅटरीपुढे ‘फेल्ड’ आणि लेखनाच्या पद्धतीपुढे ‘राइट थ्रू’ असे दोन शब्द सरळ लिहिलेले आढळले. बॅटरी बदलताच सूचना थांबल्या. म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी, आपल्या कंट्रोलरप्रमाणे स्टोअरसीएलआय, परसीसीएलआय किंवा एसएसएसीएलआय यांतील योग्य साधनाने ही स्थिती अवश्य पाहावी. काही जुने कंट्रोलर ठरावीक मुदतीने बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरतात, आणि तेवढे काही तास लेखन मंद होते. अशी सूचना नियमित अंतराने येते यावरून ती ओळखता येते.

येथे एक इशारा कळकळीने देणे भाग आहे. बॅटरी नसतानाही जलद लेखन सक्तीने चालू ठेवण्याची मुभा कंट्रोलरच्या मेनूत असते, आणि काम अडलेले पाहून ती वापरण्याचा मोह होतो. यूपीएस आहे, मग काय हरकत, असा युक्तिवाद त्यावर केला जातो. परंतु यूपीएसच्या बॅटऱ्याही याच उन्हाळ्यात झिजतात, वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या त्या मिनिटभरात दगा देणारे यूपीएस आमच्या भागात दुर्मीळ नाहीत, आणि सर्व्हरचा आतील पॉवर सप्लाय जळाला तर यूपीएसचा काहीच उपयोग नसतो. स्मृतीत अडकलेला मजकूर त्या क्षणी नष्ट झाला तर एकच व्हाउचर जात नाही. एकाच वेळी सर्व व्हर्च्युअल मशीनच्या फाइलप्रणाली दुखावू शकतात. ठेवीदारांचा पैसा ज्या दप्तरात नोंदलेला आहे त्याविषयी इतकी जोखीम घेण्याचा अधिकार कोणासही नाही.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि सर्व्हर मात्र पुष्कळदा जिन्याखालच्या खोलीत किंवा पत्र्याच्या पोटमाळ्यावर ठेवलेला असतो. बहुतेक हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांची असते. खोलीच ४५ अंशांची झाली तर पेटीच्या आतल्या तापमानास ती मर्यादा गाठण्यास फार अवकाश उरत नाही. एनव्हीएमई जातीच्या एसएसडी तर अति तापल्यावर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात, आणि त्याची परिणती याच सूचनेत होते. रात्री वीज जाऊन परत आल्यावर खोलीतील एसी आपण होऊन सुरू होतो की रिमोटची वाट पाहत बंद राहतो, याची एकदा मुद्दाम परीक्षा घ्यावी. दुपारच्या उन्हात कधी न आलेली सूचना पहाटे येत असेल तर कारण तेथे सापडण्याचा संभव असतो. जिनिंगमधील रुईचे तंतू आणि डाळमिलमधील चुणीची धूळ पंख्यांच्या जाळीवर दाट थर धरतात. हंगामात दर महिन्याला, सर्व्हर रीतसर बंद करून, ती जाळी स्वच्छ करवावी.

धुळीइतकाच दुर्लक्षित शत्रू म्हणजे कंप. सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंता ब्रेंडन ग्रेग यांनी डिसेंबर २००८ मध्ये एका चित्रफितीत डिस्कांच्या कपाटासमोर उभे राहून मोठ्याने ओरडून दाखविले आणि त्या क्षणी लेटन्सीचा आलेख वर उसळताना सर्वांस दिसला. २०१६ च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमधील आग विझविण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली जात असता वायू सुटल्याच्या प्रचंड आवाजाने डिस्क निकामी झाल्या व बँकेची सेवा कित्येक तास बंद पडली. केवळ आवाजाने जर इतके होते, तर प्रेसिंग यंत्राच्या भिंतीला टेकून किंवा जनरेटरच्या ओट्यालगत ठेवलेल्या सर्व्हरविषयी अधिक सांगावयास नको. यंत्र चालू असता आणि बंद असता डीएव्हीजी किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावे. अंतर लक्षणीय आढळल्यास सर्व्हरची जागा बदलणे हाच उपाय.

उरलेली कारणे थोडक्यात सांगता येतील. विसरलेले स्नॅपशॉट हे त्यांत अग्रगण्य : सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी घेतलेला स्नॅपशॉट महिनोन्‌महिने तसाच राहतो व प्रत्येक वाचनास त्याच्या साखळीतून जावे लागते. तो ७२ तासांपेक्षा अधिक ठेवू नये असे खुद्द व्हीएमवेअरचे सांगणे आहे. मात्र जुना, मोठा स्नॅपशॉट भरदिवसा काढू नये, कारण विलीनीकरणाचा भार काही तास पडतो, आणि डेटास्टोअरवर पुरेशी जागा शिल्लक असल्याची खात्री आधी करून घ्यावी. स्वस्त एसएसडी आरंभी जलद लिहितात, आणि त्यांचा जलद भाग भरला की एकाएकी बसतात. शिंगल्ड पद्धतीच्या हार्ड डिस्क, ज्यांपैकी काही आपल्या ‘डब्ल्यूडी रेड’ (लाल) मालिकेच्या नावाखाली विकल्या जात होत्या हे वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केले, त्या रेड पुन्हा बांधताना असह्य मंद होतात. खरेदीपूर्वी मॉडेल क्रमांकावरून खातरजमा करावी. एनएएस आयएससीएसआयने जोडलेला असेल तर सर्व्हर, स्विच आणि एनएएस या तिन्ही ठिकाणचा एमटीयू एकच आहे काय ते पाहावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते तिच्यातील १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डिस्कऐवजी केबल बदलावी. फर्मवेअरकडेही दुर्लक्ष करू नये : काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील असा इशारा एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला होता, आणि त्यावरचा उपाय केवळ नवे फर्मवेअर हा होता.

आता खऱ्या धोक्याची लक्षणे. स्मार्टमधील ५, १९७ व १९८ या क्रमांकांचे आकडे आठवड्यागणिक वाढणे. ईएसएक्सआयच्या लॉगमध्ये ‘मीडियम एरर’ येणे. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार उमटणे. एसक्यूएल सर्व्हरने पंधरा सेकंदांहून अधिक काळ वाचन-लेखन अडल्याची ८३३ क्रमांकाची तक्रार लिहिणे. यांपैकी काहीही सूचनेच्या सोबतीला दिसले तर तपास तेथेच थांबवून प्रथम बॅकअप घ्यावा, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा, आणि मगच डिस्क बदलावी; रेड पुन्हा बांधताना उरलेल्या सर्व डिस्कवर पराकाष्ठेचा ताण येतो आणि दुबळी दुसरी डिस्क नेमकी त्याच वेळी दगावण्याचा संभव असतो. सर्व्हर रीस्टार्ट करण्याची घाई तर कधीच करू नये. ईएसएक्सआय एसडी कार्डावरून किंवा यूएसबीवरून चालत असेल आणि लॉगसाठी कायमची जागा नेमून दिलेली नसेल, तर लॉग स्मृतीतच असतो व रीस्टार्टबरोबर सर्व पुरावा पुसला जातो. म्हणून आधी व्हीएम-सपोर्टचे गाठोडे काढून दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावे.

या सर्वांसाठी एक साधी नोंदवही पुरते. महिन्यातून एकदा, कामाच्या ऐन गर्दीच्या वेळी आणि एकदा रात्री, प्रत्येक डिस्कचा डीएव्हीजी, तापमान, स्मार्टचे वरील आकडे, कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती आणि स्नॅपशॉटची संख्या तीत लिहावी. सूचना येईल त्या दिवशी तुलनेला आधार मिळतो, आणि कंपनीच्या अभियंत्यास फोन केल्यावर पहिला अर्धा तास त्याच त्या प्रश्नोत्तरांत जात नाही. देखभालीच्या करारात चार तासांत सुटा भाग पोचविण्याचे कलम असेल, तर ते जळगाव किंवा धुळ्याच्या पिनकोडास लागू आहे की केवळ पुण्या-मुंबईस, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. लागू नसेल तर त्याच पार्ट नंबरची एक डिस्क आणि कंट्रोलरची एक बॅटरी स्वखर्चाने जवळ बाळगावी. बॅटरी पडून राहिली तरी झिजते, तेव्हा ती घेताना उत्पादनाची तारीख पाहावी.